बाहेरची गाडी अडवाल, तर भाडे आपल्याच पट्टीतून जाईल



तालुक्यातालुक्यांच्या बैठकांत एक मागणी वेगवेगळ्या तोंडून पुढे येते. मागणी अशी: आपल्या भागातला माल आपल्याच गाड्यांत भरला गेला पाहिजे. कर्नाटक, तेलंगण, आंध्रच्या गाड्या येतात, कमी भाड्यात माल उचलतात आणि एम. एच. १३ च्या गाड्या चौकात उभ्या राहतात. म्हणून परराज्यातल्या गाड्यांना इथे माल भरायला बंदी घाला, स्थानिक गाड्यांचे नंबर लावा, ज्याचा नंबर त्याला भाडे. ही मागणी करणारे कोणी परके नाहीत. आपलीच पोरे आहेत. कोरडवाहू चार एकरांत दोन भावांचे भागेना, म्हणून धाकट्याने फायनान्सवर जुनी गाडी घेतली आणि बाप त्याला जामीन राहिला. अशी घरे अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढा, बार्शी या तालुक्यांत गावोगाव आहेत. त्यांचा हप्ता थकला की नोटीस सातबारावाल्या बापाच्या घरी येते, हे आम्हाला माहीत आहे.

तरीही आम्ही या मागणीच्या विरोधात आहोत. जिल्हा बैठकीत हा ठराव आला, तर विरोधात बोलणार आहोत. कारण आधीच सांगितलेले बरे, नंतर मन मोडायला नको.

पहिली गोष्ट कायद्याची, कारण अर्धी चर्चा ऐकीव माहितीवर चालते. नॅशनल परमिटवर आलेल्या परराज्यातल्या गाडीला महाराष्ट्रातल्या दोन ठिकाणांमधले भाडे करता येत नाही. के. ए. २८ ची गाडी सोलापुरात माल भरून विजापूरला किंवा बंगळूरला नेऊ शकते. सोलापुरात भरून पुण्याला उतरवू शकत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतच ही मनाई आहे. म्हणजे सोलापूर-पुणे, बार्शी-लातूर, मंगळवेढा-कोल्हापूर हे सारे भाडे कायद्याने आजही राज्यातल्या गाड्यांचे आहे. कोणी चोरून करत असेल, तर ते पकडणे हे आर. टी. ओ. चे काम आहे, त्यासाठी नवा ठराव लागत नाही. वाद उरतो तो फक्त राज्याबाहेर जाणाऱ्या मालाचा.

आता हा माल बाहेरची गाडी स्वस्तात का नेते? तिकडचे ड्रायव्हर उपाशी राहतात म्हणून नव्हे. ती गाडी इकडे काही घेऊन आलेली असते. गुंटूरकडची मिरची, कर्नाटकातला तांदूळ, यंत्राचे सुटे भाग, काहीही. तिचे येण्याचे भाडे वसूल झालेले असते. रिकामे परत जाण्यापेक्षा डिझेलपुरते मिळाले तरी ती उचलते. याला परतीचे भाडे म्हणतात आणि ट्रकचा धंदा ज्याने एक महिनासुद्धा केला आहे त्याला हे शिकवावे लागत नाही. आपली एम. एच. १३ ची गाडी हैदराबादला माल टाकून आली की तीही तिथे हेच करते. तिथल्या मोंढ्यासमोर रात्र काढते, हुंडेकऱ्याला हात जोडते आणि पडेल त्या भाड्यात सोलापूरचा माल भरते. तेलंगणवाल्यांनी उद्या हाच ठराव केला, तर आपल्या पोरांची गाडी तीनशे किलोमीटर रिकामी यायची. तेव्हा ते अन्याय म्हणून आपल्याकडेच येतील.

आता हिशेब करू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. तुम्ही आपापल्या बिल्टीवरचे घालून पाहा. समजा, सोलापूरहून हैदराबादला शंभर क्विंटल ज्वारी जायची आहे. परतीच्या गाडीने १२,००० रुपयांत नेली. ती गाडी बंद केली आणि नंबरातल्या गाडीने येण्याजाण्याचा खर्च धरून १८,००० घेतले. वरचे ६,००० कोण देणार? हैदराबादचा व्यापारी देणार नाही, त्याला कर्नाटकातली ज्वारी आहे. सोलापूरचा अडत्या देणार नाही, त्याने आजवर कशाचे दिले आहे? तो सौद्यात बोली लावतानाच क्विंटलमागे ६० रुपये खाली सुरू करील. पट्टीवर हमाली दिसते, तोलाई दिसते, अडत दिसते. हे ६० रुपये दिसणारसुद्धा नाहीत, कारण ते भाव म्हणून आधीच कापलेले असतील. पाच एकरांत पाच-पाच क्विंटलप्रमाणे पंचवीस क्विंटल ज्वारी विकणाऱ्याचे १,५०० रुपये गेले. बियाणे आणि एका पेरणीचे भाडे त्यात निघते.

आणि ज्वारी तरी वजनाची आहे. कडब्याचे काय? कोरडवाहू रब्बीचा शेतकरी ज्वारी पिकवतो असे सरकार समजते. त्याला स्वतःला पक्के ठाऊक असते की अर्धे पीक कडबा आहे. मालदांडी एवढी वर्षे टिकली ती का? १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर निवडलेले हे वाण. त्यानंतर जास्त दाण्याची किती वाणे आली आणि गेली. आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो तेव्हा दाण्याच्या उत्पन्नाचे तक्ते पाठ केले. शेतकऱ्याने मात्र ताट किती उंच, जनावर किती चवीने खाते आणि शेकडा कितीने जातो हे बघून पेरले. कडबा हलका आणि फुगीर. गाडी वजनाने भरायच्या आधी उंचीने भरते. गाडीचे भाडे तेवढेच, त्यात जाणारा माल थोडा. त्यामुळे कडब्याच्या शेकड्यात भाड्याचा वाटा ज्वारीपेक्षा कितीतरी मोठा असतो. भाडे थोडे वाढले की लांबचे गिऱ्हाईक तुटते आणि कडबा गावातल्याच दोन दलालांच्या हातात पडतो. दुष्काळात तर कलेक्टर साहेबांचा हुकूमच निघतो की चारा जिल्ह्याबाहेर न्यायचा नाही. २०२३ च्या दुष्काळी हंगामात राज्यात कितीतरी जिल्ह्यांत असे हुकूम निघाले. ज्या एका वर्षी कडब्याला चार पैसे येतात, त्याच वर्षी त्याच्या चाकाला दोर. छावणीतल्या जनावरांचा कळवळा खरा असेल, तर बाजारभावाने विकत घ्या. कोणी अडवले आहे?

हद्द आपल्यासाठी कधी चांगली वागली?

म्हाताऱ्या माणसांना विचारा. बार्शीला तीन बाजूंनी निजामाचा मुलूख होता. पलीकडून कापसाच्या, गळिताच्या गाड्या बार्शीच्या पेठेत यायच्या आणि निजामाच्या करोडगिरीच्या नाक्यावर त्यांना कर द्यावा लागे. बार्शीची लहान रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली ती मुख्यतः या पेठेच्या मालाच्या जोरावर. १९४८ मध्ये निजाम गेला, १९५६ मध्ये राज्ये नव्याने आखली गेली, अक्कलकोटचे संस्थान आधीच विलीन झाले होते. आम्हाला वाटले, नाके संपले.

संपले कुठले? १९६४ पासून ज्वारीची सरकारी एकाधिकार खरेदी आली, पुढे लेव्ही आणि जिल्हाबंदी. शेजारच्या जिल्ह्यात भाव जास्त असला, तरी पोते तिकडे न्यायचे नाही. सासुरवाशीण लेकीला माहेरहून दोन पायल्या ज्वारी द्यायची, तर ती लुगड्याच्या गाठोड्यात लपवून न्यावी लागे. त्यानंतर कापूस. १९७१ चा कायदा आणि १९७२ पासूनची एकाधिकार योजना. महाराष्ट्रात पिकलेला प्रत्येक बोंडाचा कापूस सरकारी खरेदी केंद्रावरच द्यायचा, परवान्याशिवाय राज्याबाहेर न्यायचा नाही. आदिलाबादला, पांढुर्ण्याला, रायचूरला भाव चढलेला असो वा नसो, हद्दीवर पोलीस. स्वतःच्या शेतातला कापूस स्वतःच्या गाडीत घालून नेणाऱ्याला तस्कर म्हणत. पकडले की गाडी जप्त, बैल कोंडवाड्यात. योजनेने काही वर्षे पडत्या बाजारात आधार दिला, हेही खरे आहे आणि ते आम्ही नाकारत नाही. पण आधार द्यायला दार बाहेरून कडी घालून बंद करावे लागत नाही. भाव चांगला देणाऱ्याकडे माणूस आपण होऊन जातो. २००२ च्या सुमारास खाजगी खरेदी खुली झाली, तोवर एक पिढी खरेदी केंद्रासमोर गाड्यांच्या रांगेत आणि चुकाऱ्याची वाट बघत म्हातारी झाली होती.

हे जुने उगाळता का, असे कोणी विचारील. मग नवे घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने हुकूम काढला, राज्यातला ऊस परराज्यात न्यायचा नाही. कारण काय, तर पाऊस कमी, ऊस कमी, इथल्या कारखान्यांना पुरायला हवा. कर्नाटकातला कारखाना टनामागे जास्त देत असेल, तर तो आमच्या बागायतदार भावाने घ्यायचा नाही! ओरड झाली आणि काही दिवसांतच हुकूम मागे घेतला गेला. ऊसवाल्यांमागे पुढारी होते, कारखान्यांचे राजकारण होते. कडबावाल्यामागे कोण आहे?

आता आपल्याच लोकांनी स्वतःहून हद्दीवर दोर धरायचा, अशी ही मागणी आहे. एवढाच फरक.

नंबरची पद्धत दुसरीकडे कशी चालली ते पाहा. पंजाबात धान्याच्या मंडीत ट्रक युनियनचे राज्य होते. मंडीतला माल युनियनच्याच गाडीत, युनियनच्याच भाड्यात. बाहेरची गाडी आली तर भांडणे. शेतकरी आणि कारखानदार दोघेही कंटाळले आणि २०१७ मध्ये तिथल्या सरकारला या युनियन बरखास्त कराव्या लागल्या. हिमाचल प्रदेशातली गोष्ट यापेक्षा अवघड आहे आणि ती आपल्या ट्रकवाल्या भावांनी नीट ऐकावी. बरमाणा आणि दाडलाघाट इथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनीवर. जमीन गेली, म्हणून लोकांनी ट्रक घेतले, सहकारी सोसायट्या केल्या, सिमेंटची वाहतूक त्यांच्याकडे राहील असे ठरले. त्यांचा हक्क आम्ही मानतो, कारण त्यांनी जमिनीच्या बदल्यात तो मिळवला होता. पण डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने भाडे परवडत नाही म्हणून दोन्ही कारखाने बंद केले. दोन महिन्यांहून जास्त काळ हजारो ट्रक दारात उभे. फेब्रुवारी २०२३ मध्ये भाडे कमी करूनच तडजोड झाली. एकाच गिऱ्हाइकावर सारा धंदा बांधला की असे होते. आणि तिथे तरी समोर कंपनी होती. सोलापुरात नंबर लावला तर समोर कोण? कंपनी नाही. समोर पंचवीस क्विंटल ज्वारीवाला, म्हणजे नंबर लावणाऱ्याचाच चुलता.

हमालांचे नाव घेऊनही ही मागणी पुढे केली जाते. हमालाला विचारा. गाडीचे पासिंग बघून पोते हलके होत नाही. जास्त गाड्या लागल्या तर त्याला जास्त वाराई.

आपल्या गाडीपुढची खरी भिंत

मग आपली पोरे चौकात का उभी आहेत? इथे आम्हाला जास्त बोलायचे आहे, कारण खरा अन्याय इथे आहे आणि त्यावर कोणी मोर्चा काढत नाही.

राज्याबाहेर जायचे तर नॅशनल परमिट. १९७५ मध्ये ही योजना आली तेव्हा राज्याराज्याला कोटा होता आणि परमिट मिळवणे म्हणजे आमदाराच्या वाड्यावर खेटे घालणे. पुढे कोटा गेला. २०१० पूर्वी किमान चार राज्ये घ्यावी लागत आणि प्रत्येक राज्याच्या नावाने वेगळा डिमांड ड्राफ्ट. मे २०१० पासून एकच फी भरून सारा देश, आता ती वर्षाला १६,५०० रुपये. सुधारणा झाली, मान्य. पण कोणाची? मुंबईच्या मोठ्या कंपनीची चौदा चाकी गाडी मुंबईहून गुवाहाटीपर्यंत धावते, तिला १६,५००. वागदरीच्या पोराची दहा टनी जुनी गाडी हंगामात दहा खेपा आळंद नाहीतर अफजलपूरला करते, तिलाही तेवढेच. जायचे चडचणला, फी भरायची गुवाहाटीपर्यंतची.

याहून वाईट म्हणजे वयाची अट. दोन आसांच्या गाडीला बारा वर्षे झाली की नॅशनल परमिट मिळत नाही. जास्त आसांच्या गाडीला पंधरा. आता आपल्याकडचा ट्रकमालक नवी गाडी घेतो का? मोठ्या ट्रान्स्पोर्टवाल्याने आठ-दहा वर्षे दामटलेली गाडी तो घेतो, कारण त्याला तेवढेच कर्ज मिळते. हप्ते फिटायच्या आत गाडीला बारा वर्षे होतात. गाडीचा फिटनेस असतो, इन्शुरन्स असतो, टायर नवे असतात. नॅशनल परमिट मात्र संपते. त्यानंतर तीच गाडी अक्कलकोटहून गडचिरोलीपर्यंत खुशाल जाऊ शकते, पण अक्कलकोटहून पलीकडच्या तालुक्याच्या गावी नॅशनल परमिटवर जाऊ शकत नाही. दुसरा मार्ग काउंटर साइनचा, म्हणजे दुसऱ्या राज्याच्या परिवहन अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी. त्यासाठी दोन राज्यांचे करार, त्यांच्या संख्या, त्यांची कार्यालये. एका गाडीवाल्याने त्या मागे लागायचे, तर गाडी चालवायची कधी?

मोठी कंपनी गाडी सहा-सात वर्षांनी विकून नवी घेते. तिला बारा वर्षांच्या अटीचा काटा टोचतच नाही. अट टोचते ती जुनी गाडी घेणाऱ्याला. म्हणजे परराज्यातल्या भाड्याच्या बाजारातून आपल्या पोराला बाहेर ढकलले ते के. ए. २८ वाल्याने नव्हे. तिकडचा लहान गाडीवालाही हीच भिंत घेऊन पलीकडे उभा आहे. त्याची बारा वर्षांची गाडी सोलापूरला येऊ शकत नाही. इकडे येणाऱ्या गाड्या बहुतेक मोठ्यांच्याच.

गावोगाव छोटा हत्ती एवढा का झाला, याचाही विचार करा. २००५ मध्ये ही गाडी बाजारात आली. एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालगाडीला कायद्याने परमिटच लागत नाही. परमिटाची कटकट नाही म्हटल्यावर हजारो पोरांना रोजगार मिळाला, भाजीपाला वेळेत पोहोचू लागला आणि आकाश कोसळले नाही. दहा टनी गाडीच्या बाबतीत हद्दीजवळच्या पट्ट्यापुरते का होईना असे करायला कोणाची हरकत आहे?

कायद्यात वाट आहे. मोटार वाहन कायद्याच्या ८७ व्या कलमात हंगामी धंद्यासाठी चार महिन्यांपर्यंतचे तात्पुरते परमिट देण्याची तरतूद आहे. ८८ व्या कलमाप्रमाणे एका भागाचे परिवहन प्राधिकरण असे तात्पुरते परमिट दुसऱ्या राज्यातही चालेल असे देऊ शकते. त्या राज्याच्या प्राधिकरणाची संमती लागते आणि ही संमती दर गाडीला वेगळी न घेता सरसकट देता येते. 'सरसकट' हा शब्द लक्षात ठेवा. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांनी एकदा बसून परस्परांना अशी सरसकट संमती दिली, तर ज्वारी-कडब्याच्या आणि कापसाच्या हंगामात अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढ्याची गाडी इंडी, चडचण, आळंद, अफजलपूरला जाईल आणि तिकडची इकडे येईल. नवा कायदा नको, लोकसभेत प्रश्न नको. या हद्दीच्या दोन्ही बाजूंना घराघरांत कानडी आणि मराठी दोन्ही बोलतात, लेकी दिल्या-घेतल्या जातात, एकाच जत्रेला दोन्हीकडचे बैल येतात. गाडीच तेवढी परकी.

नाक्यांबद्दल थोडक्यात. नांदणीसारखे हद्दीवरचे तपासणी नाके खाजगी कंपनीला बांधायला दिले आणि तिथे व्यापारी गाड्यांकडून सेवाशुल्क घेतले गेले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर मालाचा कर हद्दीवर तपासण्याचे कारण उरले नव्हते. पुढे २०२५ मध्ये परिवहन खात्याने हे नाके बंद करण्याचे जाहीर केले. नाक्यावर गाडी जेवढा वेळ थांबते, तेवढ्या वेळाचे भाडे शेवटी आपण भरतो. त्यामुळे पावती असो वा बिनपावतीचे, हद्दीवरचा प्रत्येक रुपया आपल्या खर्चात धरा.

तेव्हा जिल्हा बैठकीत आम्ही मांडणार आहोत ते असे. परराज्यातल्या गाड्यांना माल भरण्यास बंदी आणि नंबरची पद्धत, या मागणीला संघटनेचा पाठिंबा नाही. हद्दीलगतच्या तालुक्यांसाठी दोन्ही राज्यांनी हंगामी परमिटाला सरसकट संमती द्यावी. फिटनेस असलेल्या गाडीला हद्दीपलीकडच्या लगतच्या जिल्ह्यापुरती बारा वर्षांची अट लावू नये. चारा जिल्ह्याबाहेर नेण्यास बंदीचा हुकूम काढायचा असेल, तर त्याच दिवशी त्या भावाने सरकारने कडबा खरेदी करावा, नाहीतर हुकूम काढू नये. यावर आर. टी. ओ. कार्यालयासमोर धरणे धरायचे की आधी शिष्टमंडळ पाठवायचे, हे बैठकीत ठरू द्या.

बैठकीला येताना रिकाम्या हाताने येऊ नका. गेल्या हंगामातल्या ज्वारीच्या, कापसाच्या पट्ट्या आणि मिळतील तेवढ्या बिल्ट्या घेऊन या; भाडे किती, गाडी कोणत्या पासिंगची, नाक्यावर किती गेले, हे बिल्टीच्या मागे पेन्सिलने लिहून आणा. घरात ट्रकवाला भाऊ किंवा मुलगा असेल तर त्यालाही आणा, आर. सी. बुकाच्या आणि परमिटाच्या झेरॉक्ससह. गाडीचे वय आणि परमिट संपल्याची तारीख त्यातून लागते आणि परिवहन खात्याला पहिला अर्ज त्याच कागदांवर करायचा आहे.